उलटं बुजगावणं: टेक्सासच्या ज्वारीत होल्यांची शिकार, बसायची जागा आणि डिकॉय
(या भागात झालेल्या बोलण्याचा लेखी मजकूर)



मागे एकदा बोलता बोलता सप्टेंबरातल्या शिकारीचा उल्लेख केला होता. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींचा एकच प्रश्न येतोय: "दादा, डिकॉय कुठला घेऊ?" म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर. उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. डिकॉय कुठलाही घ्या. पण तो लावायच्या आधी तुम्ही कुठे बसणार ते ठरवा. आणि कुठे बसणार हे ठरवायच्या आधी, पक्षी मेला तर तो कुठे पडेल ते बघा. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात. मीही धरला होता, त्याची गोष्ट पुढे येईलच.

त्याआधी भारतात बसून ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट अगदी स्पष्ट. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे होल्याची शिकार हा गुन्हा आहे. गलोल, फासे, एअरगन, काहीही चालत नाही. "गावाकडे सगळेच मारतात" हे कारण पोलीसही ऐकत नाहीत आणि वन खातंही ऐकत नाही. तेव्हा आज मी बोलतोय ते टेक्सासबद्दल, तिथल्या हंगामाबद्दल आणि तिथल्या परवान्याबद्दल. गावच्या शिवारात यातलं काही करून बघू नका.

हे "उलटं बुजगावणं" काय आहे?

मी मंगळवेढ्याकडचा. काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी. कणसं भरली की लहानपणी आमचं काम एकच, माळ्यावर चढून गोफणीने पाखरं हाकायची. बुजगावणं उभं असायचंच, पण पाखरं दोन दिवसांत त्याला ओळखायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर बसायची.

सॅन अँटोनिओला राहायला आलो आणि पहिल्यांदा पश्चिमेला होंडोच्या बाजूला गेलो, तर रस्त्याच्या कडेला ज्वारी! इथे तिला मायलो म्हणतात. बुटकी, गच्च कणसाची, मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी लावलेली. आणि त्या ज्वारीवर होले. फरक एवढाच, की इथे लोक त्यांना हाकलत नव्हते, बोलावत होते. कुंपणाच्या तारेवर प्लास्टिकचे होले चिमट्याने लावून ठेवलेले. मी मनात म्हटलं, हे तर उलटं बुजगावणं झालं.

हीच उपमा मी आजही धरून चालतो. बुजगावणं पाखराला सांगतं, "इथे माणूस आहे, धोका आहे." डिकॉय सांगतो, "इथे तुझ्यातलेच बसलेत, धोका नाही." पण जी गत बुजगावण्याची तीच डिकॉयची. पाखराचं पोट जिथे भरत नाही तिथे तुम्ही पन्नास डिकॉय लावा, ते फिरकणार नाही. डिकॉय पक्ष्याला आणत नाही. आधीच त्या बाजूने येणाऱ्या पक्ष्याला वीस-तीस पावलं तुमच्याकडे वळवतो, एवढंच त्याचं काम.

आधी पक्षी ओळखा

टेक्सासात तुमच्यासमोर मुख्यतः तीन प्रकारचे होले येतात.

पहिला मोर्निंग डव्ह. हा "मॉर्निंग" म्हणजे सकाळ नव्हे, शोक करणारा या अर्थाचा शब्द आहे. त्याचं घुमणं तसं उदास असतं म्हणून. सडपातळ, लांब टोकदार शेपटी, उडताना पंखांची शिट्टी. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, पण वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ शकतो.

दुसरा व्हाइट-विंग्ड डव्ह. पंखावर पांढरा पट्टा, शेपूट गोलसर. याची गंमत म्हणजे हा शहरात झोपतो. सॅन अँटोनिओच्या झाडाझाडांवर यांची प्रचंड वस्ती आहे. सकाळी थव्याने शहराबाहेर शेतात जातो आणि संध्याकाळी परत येतो, अगदी नोकरदारासारखा.

तिसरा आपला ओळखीचा! युरेशियन कॉलर्ड डव्ह, म्हणजे आपल्याकडचा कंठवाला होला. मानेमागे काळी अर्धी रेघ, रंगाने फिकट, अंगाने मोठा. 1970 च्या दशकात हा बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटला, तिथून फ्लोरिडात आला आणि बघता बघता अख्ख्या अमेरिकेत पसरला. बाहेरून आलेला पक्षी म्हणून टेक्सासात त्याच्या शिकारीला संख्येची मर्यादा नाही. पहिल्या दोघांना मात्र आहे: दिवसाला सगळे मिळून 15.

आणि ज्यांना हात लावायचा नाही तेही ओळखता आले पाहिजेत. इंका डव्ह आणि ग्राउंड डव्ह हे चिमुकले होले संरक्षित आहेत. संधिप्रकाशात केस्ट्रल नावाचा छोटा ससाणा, टिटवीच्या कुळातला किलडिअर, रातव्याच्या जातीचा नाइटहॉक, हे सगळे होल्यासारखे वाटू शकतात. माझा नियम सोपा आहे. "बहुतेक होलाच असेल" असं मनात आलं, तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही. "बहुतेक" म्हणजे नाही.

होल्याचा दिवस कसा जातो

जागा निवडायची असेल तर पक्ष्याचा दिनक्रम माहीत हवा. होला सकाळी खातो, मग दाणे पिसणारे बारीक खडे टिपतो, दुपारच्या उन्हात सावलीत बसतो, दुपारनंतर पुन्हा खातो, पाणी पितो आणि अंधाराआधी झोपायच्या झाडावर जातो.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट त्याच्या पायांबद्दल आहे. होल्याचे पाय आखूड आणि कमजोर. कोंबडीसारखं उकरून खाणं त्याला जमत नाही. जमिनीवर उघडा पडलेला दाणाच तो टिपतो. म्हणून त्याला मोकळी जमीन लागते. दाट गवतात दाणे पडले असले तरी तो तिथे सहसा उतरत नाही. कापणी झालेल्या ज्वारीचा किंवा गव्हाचा सड, सूर्यफुलाच्या ओळींमधली उघडी माती, माळावर उगवणारं क्रोटन नावाचं तण, ही त्याची आवडती जेवणाची ठिकाणं.

पाण्याचंही तसंच. टेक्सासात गुरांसाठी शेततळी असतात. चार शेततळी असतील तर होला त्यातलं काठ उघडे असलेलं निवडतो. काठावर लव्हाळी माजली असतील तर नाही. चिखलाचा सपाट, उतरता काठ असेल तर हो, कारण आजूबाजूचं त्याला स्पष्ट दिसतं.

म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी दुर्बीण घेऊन जायचं, बंदूक घरी ठेवायची आणि एवढंच बघायचं: कुठून येतात, कुठल्या वाळक्या झाडावर थांबतात, कुठे उतरतात. होले रोज साधारण तोच रस्ता धरतात. झाडांच्या रांगेतली खिंड, विजेच्या तारांची ओळ, शेताचा कोपरा, ही त्यांची वळणं असतात.

माझी पहिली चूक

आता ती गोष्ट. माझा पहिला हंगाम. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात दिवसाचं भाडं भरून बसलो होतो. दुकानातून डझनभर डिकॉय आणलेले, शिवाय बॅटरीवर पंख फिरवणारा एक. कुंपणावर ओळीने लावले आणि मी कुंपणाला टेकून बसलो. समोर कापलेली ज्वारी, मागे कंबरभर गवताचं पडीक रान. पक्षी आले, भरपूर आले. मी खूश. पण ते डिकॉयवर झेपावून कुंपणाच्या वरून जायचे आणि मी मारायचो तेव्हा मागच्या गवतात पडायचे.

सात पाडले. सापडले तीन.

मातकट तपकिरी पक्षी, वाळलं गवत. पाच पावलांवर असला तरी दिसत नाही. तासभर गवत तुडवलं. चार पक्षी कुठे गेले, मेले की नुसते पंख मोडून पडले, काही कळलं नाही. दिवस मावळताना शेतकरी पिकअप घेऊन आला. विचारलं, "किती?" मी म्हणालो, "तीन." तो म्हणाला, "आवाज तर जास्त आले." मी खरं सांगितलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "माझ्या रानात न सापडलेलाही मोजायचा. तुझे सात झाले." मग थांबून म्हणाला, "आधी पक्षी कुठे पडेल ते बघ. मग तू कुठे बसशील ते."

ओरडला असता तर एवढं लागलं नसतं. लहानपणी आमच्याकडे ताटात टाकलेल्या अन्नावरून बोलणी बसायची. इथे मी ताटात न आलेलंच टाकलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच रानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे सडाच्या मधोमध एक वाळलेलं मेस्क्विटचं झाड होतं. आपल्या वेड्या बाभळीचं जवळचं भावंड म्हणा. चहूबाजूंनी उघडी माती. डिकॉय फक्त पाच लावले. नऊ काडतुसं उडवली, चार पक्षी पडले आणि चारही हातात आले. आदल्या दिवशीपेक्षा एकच जास्त सापडला, पण हिशोब स्वच्छ होता.

बसायचं कसं

आता कृती. चार गोष्टी जुळवायच्या: पडायची जमीन, ऊन, वारा आणि आडोसा. याच क्रमाने.

जमीन सांगितली. पक्षी जिथे पडणार तिथे उघडी माती, सड किंवा फार तर घोट्याएवढं गवत. पलीकडे दुसऱ्याची हद्द असेल तर ती जागा सोडा, कारण परवानगीशिवाय तुम्ही तिथे पक्षी आणायलाही जाऊ शकत नाही.

ऊन डोळ्यांवर नको. तळपत्या उन्हात होला आणि ससाणा सारखेच काळे दिसतात.

वारा. बहुतेक पक्षी उतरताना वाऱ्याच्या तोंडावर उतरतात. म्हणून वारा तुमच्या पाठीमागून किंवा एका खांद्यामागून यायला हवा. मग उतरणारा पक्षी समोरून, वेग कमी करत तुमच्याकडे येतो. दक्षिण टेक्सासात वारा बऱ्याचदा आग्नेयेचा असतो. संध्याकाळी मी उत्तरेकडे तोंड करून बसतो. वारा उजव्या खांद्यामागून, मावळतीचं ऊन डाव्या हाताला.

आडोसा म्हणजे लपणं नव्हे. झाडाचा बुंधा, गवताचा गोल गठ्ठा, शेडची सावली, कशाला तरी पाठ टेका म्हणजे तुमची बाह्याकृती मोडते. छपाई केलेले महागडे कपडे नसले तरी चालतं, मातकट रंगाचा शर्ट पुरे. पण हलू नका. होल्याला रंगापेक्षा हालचाल आधी कळते. पालथ्या बादलीवर बसा. मोबाइल खिशात ठेवा. आकाशाकडे चकाकणारी स्क्रीन म्हणजे सरळ बुजगावणंच!

डिकॉय लावायचे कसे

आता तुमचा आवडता प्रश्न.

एक, उंचावर. होल्याला बसायला उघडी, निष्पर्ण फांदी किंवा तार आवडते. चिमट्याचे डिकॉय वाळक्या झाडाच्या वरच्या बाजूच्या फांद्यांवर लावा, आकाशाच्या पार्श्वभूमीवर लांबून दिसतील असे. झाड नसेल तर प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचा खांब करा, त्याला दोन आडवे हात. खर्च थोडा, काम तेवढंच.

दोन, तोंड वाऱ्याकडे. बसलेला होला वाऱ्याकडे तोंड करून बसतो, पिसं विस्कटू नयेत म्हणून. अगदी सैन्यासारखे एका कोनात नकोत, थोडे इकडे तिकडे चालतील, पण वाऱ्याकडे शेपटी करून बसलेला होला खोटा वाटतो.

तीन, मोकळे. तारेवर चिमण्या खेटून बसतात, होले अंतर ठेवतात. एखादी जोडी जवळ, बाकीचे हातभर लांब. पाच-सहा पुरतात, डझन झाले तरी हरकत नाही.

चार, जमिनीवरचे. दोन-तीन डिकॉय उघड्या मातीवर किंवा शेततळ्याच्या उघड्या काठावर ठेवा. गवतात ठेवाल तर पक्ष्याला दिसणारच नाहीत.

पाच, पंख फिरवणारा. हा खरंच काम करतो, कारण पंखाची पांढरी-काळी चमक उतरणाऱ्या पक्ष्यासारखी लांबून दिसते. कमरेच्या ते छातीच्या उंचीच्या खांबावर, मोकळ्या जमिनीत. मात्र हंगाम जुना झाला की पक्षी त्याला बिचकायला लागतात. तसं दिसलं की बंद करा.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. डिकॉय तुमच्या डोक्यावर लावू नका. समोर, थोडे एका बाजूला, 20 पावलांवर लावा. पक्ष्याची नजर डिकॉयवर राहते, तुमच्यावर नाही. शिवाय डिकॉय म्हणजे तुमचं मोजमाप होतं. मी आणखी पुढे जाऊन 35 पावलांवर एक दगड ठेवतो. दगडाच्या पलीकडचा पक्षी माझा नाही. तो जाऊ द्यायचा. जखमी होऊन लांब जाऊन पडणारे पक्षी बहुतेक त्या दगडापलीकडचेच असतात.

बंदुकीबद्दल थोडक्यात. आपण जिला बारा बोअर म्हणतो ती 12 गेज किंवा तिच्याहून हलकी 20 गेज, छर्रे साडेसात किंवा आठ नंबरचे, चोक इम्प्रूव्हड सिलिंडर. एवढं पुरतं. काही सार्वजनिक जागांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, ते आधी तपासा.

एक पाडला की उठा

पक्षी पडला की पुढचा येत असला तरी मारायचं नाही. तो पडला तिथली एखादी खूण पकडा, उंच धाट, ढेकूळ, काहीही, आणि तिच्यावरची नजर न हलवता सरळ चालत जा. तिथे टोपी ठेवा आणि टोपीभोवती गोल गोल शोधा. दोन एकदम पाडणारा गडी बहुतेक वेळा दोन्हीतला एक गमावतो. पक्षी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करणं ही इथे नुसती सभ्यता नाही, कायदा आहे.

आणि माणसांचं काय? होले खालून, हातभर उंचीवरूनही जातात. त्यांच्यामागे बंदूक फिरवत गेलात की नळी शेजाऱ्याच्या तोंडासमोर येते. म्हणून पक्ष्याच्या मागे आकाश दिसलं तरच मारायचं. कोण कुठे बसलंय हे प्रत्येकाने बसायच्या आधी हात वर करून दाखवायचं. सप्टेंबरात इथे पारा सहज 35 च्या वर असतो. पाणी दुप्पट न्या, बरोबर कुत्रा असेल तर त्याचंही. आणि पक्षी उचलताना हात घालण्याआधी नजर घाला, रॅटलस्नेकही त्याच रानात राहतो.

कायद्याचं, झटपट

टेक्सासच्या उत्तर आणि मध्य विभागांत हंगाम 1 सप्टेंबरला उघडतो, दक्षिण विभागात साधारण महिन्याच्या मध्याला. तुमचा विभाग आणि त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. हंटिंग लायसन्स, त्यावर स्थलांतरित पक्ष्यांची नोंद आणि एचआयपी नावाची नोंदणी, तिन्ही लागतात. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच, हंटर एज्युकेशन लागू आहे. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं मावली पाहिजेत.

दाणे टाकून पक्षी बोलावणं, म्हणजे बेटिंग, हा फेडरल गुन्हा आहे. शेतातलं उभं पीक कापलं आणि दाणे सांडले तर होल्यांसाठी ते चालतं. बाहेरून पोतं आणून ओतलं तर नाही. दाणे पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस ती जागा बेटिंगचीच धरली जाते. भाड्याने रान घेताना मालकाला हे तोंडावर विचारा. विचारायला लाजू नका. जिवंत पक्षी बांधून डिकॉय करणं आणि स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, दोन्ही बंद.

आणि व्हिसावाल्यांनो, खास तुमच्यासाठी. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असताना बंदूक आणि काडतूस हातात घेण्यावर फेडरल बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. पण मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून हातात घेण्याआधी स्वतःचं लायसन्स खिशात हवं. मनात शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. एका संध्याकाळच्या हौसेसाठी ग्रीन कार्ड पणाला लावू नका.

जाता जाता

लोक मला विचारतात, लहानपणी पाखरं हाकलणारा माणूस आता मारतो, वाईट नाही वाटत? वाटतं. प्रत्येक पक्षी हातात घेतल्यावर तो अजून गरम असतो, आणि तेव्हा वाटतंच. वाटू नये अशी माझी इच्छाही नाही. म्हणूनच मी 15 पर्यंत जायचा हट्ट धरत नाही. पाच-सहा झाले की काळ्या तिखटातला रस्सा होतो, ज्वारीची भाकरी असतेच, पुरे होतं. आणि म्हातारबाबांचा नियम मी अजून पाळतो. वहीत दोन रकाने आहेत, पाडलेले आणि सापडलेले. गेल्या हंगामात दोन्ही रकान्यांत एकाचा फरक राहिला. तो एक कुठे पडला ती जागा मला अजून आठवते.

तेव्हा या सप्टेंबरात निघालात तर दुकानात जायच्या आधी रानात जा. बंदुकीशिवाय. नुसते बसा आणि बघा. प्रश्न असतील तर पाठवा, नेहमीसारखी व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!